सापडणे आणि पाठवणे : लघुअनियतकालिकांचा दूरचा वाचक

१

मराठीत नियतकालिक 'मिळते' आणि लघुअनियतकालिक 'सापडते'. बोलण्याच्या ओघात सहज होणारा हा भेद वाङ्मयीन व्यवहाराविषयी बरेच काही सांगून जातो. 'मिळणे' या क्रियापदामागे एक व्यवस्था गृहीत असते. वर्गणी भरलेली असते, अंकाची तारीख ठरलेली असते आणि अंक आला नाही तर तक्रार करण्याचा अधिकारही असतो. 'सापडणे' मात्र योगायोगावर अवलंबून असते. मित्राच्या खोलीत, महाविद्यालयीन ग्रंथालयाच्या कोपऱ्यात किंवा रद्दीच्या गठ्ठ्यात अंक सापडतो. तो त्या वाचकासाठी तेथे ठेवलेला नसतो. म्हणूनच सापडलेल्या अंकाविषयी एक गुप्त आनंद वाटतो, आणि तो आनंद या चळवळीविषयीच्या आठवणींत पुनःपुन्हा व्यक्त झाला आहे.

त्या आनंदात एक प्रश्न मात्र झाकला जातो. ज्याला अंक सापडला त्याने आठवण लिहिली. ज्याला तो सापडलाच नाही, किंवा सापडूनही ज्याची कविता कोठे पोचली नाही, त्याचे काय झाले? लघुअनियतकालिकांच्या इतिहासाला हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. हा इतिहास प्रामुख्याने अंक काढणाऱ्यांच्या बाजूने लिहिला गेला आहे. १९५४-५५ च्या सुमारास अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ आणि बंडू वझे यांनी काढलेल्या 'शब्द'पासून त्याची सुरुवात होते. अशोक शहाणे यांचे 'अथर्व' आणि 'असो', औरंगाबादचे 'वाचा', पुढे 'फक्त', 'येरू', 'अबकडई', 'विद्रोह' अशी नामावळी येते. १९६९ मध्ये 'सत्यकथे'च्या अंकाची जाहीर होळी झाल्याचा उल्लेख होतो आणि १९८२ मध्ये 'सत्यकथा' बंद पडल्याच्या नोंदीपाशी एक वर्तुळ पूर्ण झाल्यासारखे वाटते. या कथनात संपादक आहेत, कवी आहेत, शत्रू आहे आणि घोषणा आहेत; वाचक तेवढा नाही.

लघुअनियतकालिकांनी वाचक आणि कवी यांच्यातील भिंत पाडली, हा या कथनाचा मुख्य निष्कर्ष असतो. मुद्रणसत्तेच्या मक्तेदारीला दिलेले आव्हान हे तिचे निर्विवाद श्रेय आहे, म्हणून प्रस्तुत विवेचनात तो निष्कर्ष नाकारलेला नाही. ती भिंत कोणासाठी पडली आणि कोणासाठी तशीच राहिली, एवढेच येथे तपासावयाचे आहे. या तपासणीतून निघणारा निष्कर्ष थोडा अप्रिय आहे : केंद्रापासून दूर असलेल्या वाचकाच्या दृष्टीने 'अनियतता' हे स्वातंत्र्य नव्हते, तो एक नवा अडसर होता.

२

दूरचा वाचक ही संकल्पना अमूर्त ठेवली तर तिचे चटकन भाबड्या ग्रामीणतेत रूपांतर होते. म्हणून एक निश्चित गाव समोर ठेवणे इष्ट ठरेल. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागात, कर्जत तालुक्यात, कर्जत-मुरबाड रस्त्यावर कडाव हे गाव आहे. भातशेतीचा हा मुलूख आहे आणि गणपतीच्या मंदिरासाठी गावाचे नाव परिसरात परिचित आहे. कर्जतपर्यंत मुंबईची लोकल येते. मुंबईच्या मुख्य स्थानकापासून कर्जत सुमारे १०० किलोमीटर आहे. तेव्हा कडाव दुर्गम नाही. मुंबईला दूध, भाजी आणि माणसे पुरवणाऱ्या पट्ट्यातच ते येते. सकाळची गाडी पकडून गिरगावात किंवा दादरला जाणे आणि रात्री परतणे येथील माणसाला अशक्य नाही. उदाहरण म्हणून हे गाव उपयुक्त ठरते ते याच कारणाने. भौगोलिक अंतर एवढे थोडे असताना वाङ्मयीन अंतर किती असू शकते, हे येथून मोजता येते.

हा परिसर कवितेला अपरिचित आहे, असेही नाही. कर्जत तालुक्यातीलच नेरळ येथे नारायण सुर्वे उत्तरायुष्यात राहिले. रायगडमधील पेण येथे सतीश काळसेकर राहिले आणि तेथेच २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. परंतु या दोन्ही उदाहरणांत प्रवासाची दिशा लक्षात घेतली पाहिजे. सुर्वे यांची कविता मुंबईच्या गिरणगावात, कामगार चळवळीत घडली. 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२ मध्ये आला, 'माझे विद्यापीठ' १९६६ मध्ये. नेरळ पुष्कळ नंतर आले. काळसेकरही मुंबईत घडलेले कवी होते आणि लघुअनियतकालिकांच्या चळवळीतील एक प्रमुख कार्यकर्ते होते. कवी महानगरात सिद्ध होतो आणि मग या भागात राहावयास येतो, ही वाट मळलेली आहे. उलट दिशेच्या वाटेचा प्रश्न वेगळा आहे. कडावमध्ये बसून लिहिणाऱ्या तरुणाची पहिली कविता गिरगावापर्यंत कशी जावी?

१९६८-७० च्या सुमारास अशा तरुणापुढे दोन पर्याय होते असे धरून पाहू. पहिला पर्याय 'सत्यकथे'चा. तिच्यावर अभिजनवादाचा आरोप होता आणि तो बऱ्याच अंशी खरा होता. पण तिला पत्ता होता, वर्गणीचा दर होता आणि दरमहा अंक येत होता. एखाद्या वाचनालयात तो पाहावयास मिळण्याची शक्यता होती. त्या पत्त्यावर कविता पाठवता येत होती आणि ती नाकारली गेली तर 'साभार परत' येत होती. दुसरा पर्याय लघुअनियतकालिकाचा. त्याचा पुढचा अंक केव्हा निघेल, निघेल की नाही, हे संपादकालाही ठाऊक नसे. ते दुकानात क्वचितच असे. ते हातोहात जाई, आणि हात कोणाचे, तर ओळखीच्यांचे. इराण्याच्या हॉटेलातील टेबल, महाविद्यालयातील कट्टा, एखाद्या मित्राची खोली ही त्याची वितरणकेंद्रे होती. कडावच्या तरुणाला पहिल्या पर्यायासाठी टपालाचे तिकीट पुरेसे होते. दुसऱ्यासाठी माणसांची ओळख लागत होती.

या परिस्थितीला व्यक्तींच्या वृत्तीइतकीच कायद्याची आणि टपालाची रचनाही कारणीभूत होती. १८६७ च्या मुद्रण व पुस्तक नोंदणी अधिनियमानुसार नियतकालिकाच्या मुद्रकाने व प्रकाशकाने अधिकृत घोषणापत्र करणे आवश्यक होते. ही कटकट टाळण्याचा सोपा उपाय म्हणजे अंक 'खाजगी वितरणासाठी' असल्याचे छापणे किंवा प्रत्येक अंक स्वतंत्र पुस्तिका म्हणून काढणे. १८९८ च्या टपाल अधिनियमाची अट याहून बोलकी होती. वृत्तपत्राच्या सवलतीच्या दराने टपालात जाण्यासाठी प्रकाशनाच्या दोन अंकांतील अंतर एकतीस दिवसांहून अधिक असता कामा नये आणि त्याला खऱ्याखुऱ्या वर्गणीदारांची यादी असली पाहिजे, असे तेथे अपेक्षित होते. म्हणजे नियमितपणा आणि दूर राहणारा, नावापत्त्यासह नोंदलेला वाचक या दोन गोष्टींची सांगड कायद्यानेच घातली होती. अनियततेचा स्वीकार करताना चळवळीने पहिली गोष्ट जाणीवपूर्वक सोडली. तिच्याबरोबर दुसरीही सुटली, याची जाणीव मात्र तितकीशी दिसत नाही.

३

असे असूनही अंक सापडत होते, आणि सापडण्याचा परिणाम खोल होता. त्याचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय या चळवळीचे खरे सामर्थ्य कळणार नाही.

खेड्यातील विद्यार्थ्याची कवितेविषयीची अपेक्षा पाठ्यपुस्तकाने घडवलेली असते. हान्स रॉबर्ट याऊस यांनी ज्याला अपेक्षांचे क्षितिज म्हटले, ते येथे अक्षरशः क्रमिक पुस्तकाच्या पानाएवढे असते. कविता ही छंदात असते, तिला अर्थ असतो, तो अर्थ परीक्षेत लिहिता येतो आणि ती लिहिणारी माणसे मोठी असतात, अशी ही अपेक्षा असते. अशा वाचकाच्या हाती चक्रमुद्रित केलेला, टाचण्या मारलेला, शाई फुटलेला एखादा अंक पडतो तेव्हा त्याची पहिली प्रतिक्रिया अर्थाकलनाची नसते. त्यातील पुष्कळशी कविता त्याला कळतही नाही. कळते ते एवढेच की, 'असेही लिहिता येते'. रस्त्यावरची भाषा, शरीराचे उल्लेख, तुटक वाक्ये, विरामचिन्हांचा अभाव हे सारे छापले गेलेले आहे, एवढी गोष्ट त्याला पुरते. सापडलेल्या अंकाचे पहिले कार्य आस्वाद देणे हे नसून परवानगी देणे हे आहे.

या परवानगीत अंकाच्या भौतिक रूपाचा वाटा मोठा असतो. 'सत्यकथे'चा देखणा, काटेकोर मुद्रणाचा अंक पाहून वाचकाच्या मनात आदर उत्पन्न होतो. चक्रमुद्रित अंक पाहून वेगळाच विचार येतो : हे आपल्यालाही करता येईल. स्टेन्सिल कापणे, शाळेच्या किंवा कचेरीच्या यंत्रावर रात्री प्रती काढणे, त्या टाचणे ही कामे पाहिलेली असतात आणि हाताला येणारी असतात. वॉल्टर बेंजामिन यांनी १९३४ च्या 'उत्पादक म्हणून लेखक' या व्याख्यानात साहित्यकृतीच्या राजकीय मताइतकेच तिचे उत्पादनसंबंधांतील स्थान महत्त्वाचे मानले आणि जे माध्यम अधिकाधिक वाचकांना सहनिर्माते बनवते ते अधिक चांगले, असा निकष दिला. मराठी लघुअनियतकालिकांना हा निकष लावला तर त्यांचे श्रेय घोषणांपेक्षा स्टेन्सिलवर अधिक अवलंबून आहे, असे म्हणावे लागेल. दिलीप चित्रे यांचे वडील पु. आ. चित्रे यांनी बडोद्याहून 'अभिरुचि'सारखे दर्जेदार मासिक चालवले होते. तरीही मुलाने आणि त्याच्या मित्रांनी 'शब्द'साठी चक्रमुद्रण निवडले. त्यामागे काटकसर होती हे उघड आहे. पण त्या निवडीने मराठी कवितेच्या उत्पादनाची किंमत एकदम खाली आणली, आणि तो तिचा अधिक टिकाऊ परिणाम ठरला.

तेव्हा बेंजामिन यांच्या निकषाचा पहिला अर्धा भाग चळवळीने उत्तम रीतीने पार पाडला. वाचकाला लिहिण्याची परवानगी मिळाली. दुसरा अर्धा भाग अधिक अवघड होता. लिहिलेले पाठवायचे कोठे, आणि पाठवल्यावर उत्तर कोण देणार?

४

'साभार परत' या दोन शब्दांची मराठी वाङ्मयात यथेच्छ टवाळी झाली आहे. त्या टवाळीत न्याय आहे. संपादकाच्या अभिरुचीला वाङ्मयीन मूल्याचे रूप देणारी ती मोहोर होती. 'सत्यकथे'च्या संपादकीय संस्काराविषयी, लेखकाकडून पुनर्लेखन करवून घेण्याच्या पद्धतीविषयी जे आक्षेप घेतले गेले, तेही निराधार नव्हते. राजा ढाले यांच्या 'सत्यकथेची सत्यकथा' या लेखातील उपहास याच अधिकाराला उद्देशून होता. असा अधिकार एका वर्गाच्या, एका भाषावळणाच्या हाती एकवटला की नव्या अनुभवाला 'संस्कार' या नावाखाली सपाट केले जाते, हे चळवळीचे निदान अचूक होते. अर्थात ही भिंतही अभेद्य नव्हती. वसंत आबाजी डहाके यांची 'योगभ्रष्ट' ही दीर्घकविता १९६६ मध्ये 'सत्यकथे'तच प्रसिद्ध झाली होती.

तरीही एक गोष्ट निरपेक्षपणे पाहिली पाहिजे. 'साभार परत' हे उत्तर होते. ते अपमानकारक असले तरी पाठवलेली कविता पोचली, कोणीतरी ती पाहिली आणि तिच्याविषयी काही ठरवले, एवढे त्यातून कळत होते. कित्येकदा त्यासोबत संपादकाचे पत्र असे. ओळखीपाळखी नसलेल्या माणसाला सविस्तर पत्र लिहून त्याच्या लेखनातील उणीव दाखवणे ही राम पटवर्धन यांच्यासारख्या संपादकाच्या कामाची रीत होती. नकाराची ही पद्धत रद्द करताना तिच्या जागी दुसरे काय आणावे, याचा विचार चळवळीत झाला नाही. लघुअनियतकालिकाने कविता परत पाठवली नाही. पण बहुधा पोचही दिली नाही. ज्या अंकाचे भवितव्यच अनिश्चित त्याच्या संपादकाकडून पत्रोत्तराची अपेक्षा करणेही अन्यायाचे होते. संपादक स्वतः कवी होता, खर्च खिशातून करीत होता, नोकरी सांभाळीत होता. कारण समजण्याजोगे आहे. परिणाम मात्र एवढाच की दूरच्या कवीच्या वाट्याला मौन आले.

या मौनाचे दोन दुष्परिणाम संभवतात. पहिला निवडीविषयीचा. निवडीचा जाहीर निकष नाहीसा झाला म्हणून निवड नाहीशी होत नाही; ती अप्रकट होते. ज्यांच्या कविता टेबलावर वाचल्या गेल्या त्यांच्या कविता अंकात आल्या. पीएर बूर्दिए यांच्या परिभाषेत सांगावयाचे तर सांस्कृतिक भांडवलाची जागा सामाजिक भांडवलाने घेतली. शिक्षण आणि अभिरुची यांऐवजी मैत्री आणि सहवास हे प्रवेशाचे साधन झाले. मुंबईत, औरंगाबादेत, पुण्यात राहणाऱ्या निर्धन, बहिष्कृत, बेकार तरुणालाही हे भांडवल मिळवता आले, ही या चळवळीची खरी क्रांती होती. पण त्यासाठी त्या शहरात असणे आवश्यक होते. नामदेव ढसाळ यांची कविता मुंबईच्या ज्या वस्तीतून आली ती वाङ्मयीन प्रतिष्ठेपासून कितीही दूर असली तरी गिरगावापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. त्यामुळे 'गोलपीठा'चे (१९७२) मोठेपण कमी होत नाही. सामाजिक परीघ आणि भौगोलिक परीघ या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि पहिला ओलांडणाऱ्या चळवळीने दुसराही ओलांडला असे गृहीत धरता येत नाही, एवढेच त्यातून सूचित होते.

दुसरा दुष्परिणाम कवितेविषयीचा. 'असेही लिहिता येते' ही परवानगी मिळालेला नवा कवी प्रथम अनुकरण करतो. त्यात गैर काही नाही. प्रत्येक कवी अनुकरणातूनच जातो. पण अनुकरणातून बाहेर पडण्यासाठी कोणीतरी ते अनुकरण ओळखून दाखवावे लागते. सत्तरीच्या दशकात मराठीत तुटक ओळींच्या, शिवराळ आणि आत्मकरुण कवितेचा जो पूर आला, त्याची जबाबदारी केवळ दुबळ्या प्रतिभेवर टाकून भागणार नाही. भातखाचरांच्या गावात बसून इराणी हॉटेलातील एकाकीपणाची कविता लिहिणाऱ्या तरुणाला, 'तुझ्या बांधावरचे काय?' असा साधा प्रश्न विचारणारे पत्र कोणी लिहिले नसेल, तर त्याने दुसऱ्याचे महानगर उसने घ्यावे यात नवल नाही. पाठवणे म्हणजे केवळ लिफाफा टाकणे नव्हे. पाठवण्यात वाचल्या जाण्याची अपेक्षा असते आणि ती अपेक्षाच कवितेला तिचा दुसरा खर्डा लिहावयास लावते.

५

येथे एक वेगळी परंपरा विचारात घ्यावी लागते. ती मुंबईतली नाही आणि अनियतही नाही. नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ मध्ये जळगावहून 'काव्यरत्नावली' हे केवळ कवितेला वाहिलेले मासिक सुरू केले आणि ते १९३५ पर्यंत चालले. केशवसुतांच्या कविता ज्या नियतकालिकांतून आल्या त्यांत 'काव्यरत्नावली' आहे. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरले आणि धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षांच्या मुलाला तेथे 'बालकवी' हे नाव मिळाले. लहान, स्वतंत्र, एका माणसाच्या निष्ठेवर चालणारे काव्यनियतकालिक ही गोष्ट मराठीत १९५४-५५ मध्ये जन्मली नाही. ती त्याआधी जवळजवळ सत्तर वर्षे, महानगराबाहेर, टपालाच्या आधाराने जगून दाखवलेली होती. लघुअनियतकालिकांच्या इतिहासात तिला पूर्वज म्हणून स्थान मिळत नाही, कारण तिच्यात बंडखोरी नाही. दूरच्या वाचकाच्या बाजूने पाहिले तर मात्र हीच वंशावळ अधिक महत्त्वाची ठरते.

त्याच खानदेशातून १९८५ मध्ये धुळ्याहून पुरुषोत्तम पाटील यांनी 'कवितारती' हे द्वैमासिक सुरू केले. त्यापूर्वी 'अनुष्टुभ्'च्या संपादनाचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. 'सत्यकथा' बंद पडलेली होती, लघुअनियतकालिकांची पहिली लाट ओसरलेली होती. अशा वेळी केवळ कवितेसाठी नियमित अंक काढणे हे व्यवहाराच्या दृष्टीने वेडेपणाचेच होते. टपालसवलतीची एकतीस दिवसांची अटही द्वैमासिकाला अडचणीचीच. तरीही २०१७ मध्ये निधन होईपर्यंत, म्हणजे तीन दशकांहून अधिक काळ, पाटील यांनी ते सांभाळले. 'कवितारती'चे मोल प्रयोगशीलतेवर ठरवू गेल्यास ते 'शब्द' किंवा 'वाचा' यांच्यापुढे सौम्य वाटेल. तिची निवडही कधीकधी अतिउदार वाटते. पण तिने एक गोष्ट साधली : मोठेपण सिद्ध झालेल्या कवींच्या शेजारी, त्याच पानांवर, तालुक्याच्या गावाहून आलेल्या अपरिचित नावाला जागा दिली, आणि ती जागा पत्त्यावर कविता पाठवून मिळू शकत होती. अंकाला पत्ता असणे ही येथे वाङ्मयीन भूमिका ठरते.

'अस्मितादर्श'चे उदाहरण याहूनही निर्णायक आहे. १९६७-६८ मध्ये औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात उगवलेले हे त्रैमासिक गंगाधर पानतावणे यांनी दीर्घकाळ चालवले. काळाने ते लघुअनियतकालिकांचे समकालीन आहे, आशयाने त्यांच्याइतकेच प्रस्थापितविरोधी आहे. पण त्याने अनियतता स्वीकारली नाही. ज्या समाजाला मुद्रणाची दारे बंद होती, त्याला दार कधीतरी उघडेल अशी अनिश्चितता परवडणारी नव्हती. ते ठरलेल्या वेळी उघडणे आवश्यक होते. 'अस्मितादर्श'ने मेळावे भरवले आणि त्यांना 'लेखक-वाचक मेळावा' असे नाव दिले. त्या नावातील संयोगचिन्हात बेंजामिन यांच्या निकषाचा दुसरा अर्धा भाग सामावलेला आहे. वाचक लेखक होण्यासाठी त्याला परवानगीबरोबर भेटीचे ठिकाणही लागते.

६

या मांडणीवर एक सबळ आक्षेप घेता येईल. नियमितपणाची किंमत द्यावी लागते. दर महिन्याला पाने भरावयाची म्हटले की दुय्यम कविता येते, जाहिरात येते, दिवाळी अंक येतो आणि संपादक संस्थेचा नोकर होतो. सांगण्यासारखे असेल तेव्हाच अंक काढावयाचा, ही अनियततेमागील नैतिक भूमिका होती आणि तिचे फळ मराठीला मिळाले. कोलटकर यांच्यासारख्या कवीला १९७७ मध्ये प्रास प्रकाशनाने 'अरुण कोलटकरच्या कविता' प्रसिद्ध करीपर्यंत संग्रहाची घाई न करता लिहिता आले, ते याच वातावरणामुळे. भालचंद्र नेमाडे यांनी लेखकाचा 'लेखकराव' होण्याची जी प्रक्रिया दाखवली, तिच्यापासून बचाव करण्याचा एक मार्ग म्हणजे अंकालाच प्रतिष्ठित होऊ न देणे. 'कवितारती' असती आणि 'शब्द' नसता तर मराठी कवितेची भाषा बदलली असती काय, असा प्रश्न विचारला तर उत्तर नकारार्थीच द्यावे लागेल.

हा आक्षेप मान्य करूनही मूळ मुद्दा शिल्लक राहतो. भाषेत बदल घडवणे आणि बदललेली भाषा सर्वांना उपलब्ध करणे ही दोन भिन्न कार्ये आहेत. पहिल्यासाठी लहान, घट्ट, अनियत गट उपयुक्त असतो. दुसऱ्यासाठी पत्ता, तारीख आणि पत्रोत्तर लागते. मराठी समीक्षेने पहिल्या कार्याला चळवळ म्हटले आणि दुसऱ्याला केवळ चिकाटी. ही श्रेणी पुन्हा तपासली पाहिजे.

काळसेकर यांचा प्रवास या दृष्टीने अभ्यसनीय आहे. 'इंद्रियोपनिषद'चा (१९७१) हा कवी पुढे लोकवाङ्मय गृहाच्या 'आपले वाङ्मयवृत्त'चे संपादन करतो आणि ज्या पुस्तकाला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळतो त्याचे नाव 'वाचणाऱ्याची रोजनिशी' असते. चळवळीतील एका अग्रणीने अखेरीस स्वतःची ओळख 'लिहिणारा' अशी न देता 'वाचणारा' अशी द्यावी, ही घटना चळवळीच्या इतिहासात राहून गेलेली जागा दाखवते.

अंक 'आपल्यांपुरता' असतो ही समजूतही फसवी आहे. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची 'गांधी मला भेटला' ही कविता १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या एका संघटनेच्या नियतकालिकात पुनर्मुद्रित झाली. मर्यादित वर्तुळासाठी निघालेला तो अंक वर्तुळाबाहेरच्या विरोधकांच्या हाती पडला, अश्लीलतेचा खटला उभा राहिला आणि प्रकरण २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. छापलेला अंक कोणाच्या हाती सापडेल हे संपादकाच्या ताब्यात नसते. अनोळखी वाचक नेहमीच असतो. त्याचा विचार न करणे म्हणजे त्याला नाहीसे करणे नव्हे.

७

नव्वदीनंतर 'शब्दवेध', 'अभिधा' आणि 'अभिधानंतर', 'खेळ' अशा नियतकालिकांनी लघुनियतकालिकांची दुसरी लाट आणली. बुलढाण्याहून 'शब्दवेध' निघाले, ही केंद्र सरकल्याची खूण होती. त्यानंतरच्या काळात मुद्रणाची जागा बरीचशी पडद्याने घेतली आहे. कडावच्या तरुणाला आज कविता प्रसिद्ध करण्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. चक्रमुद्रणाचे स्वप्न त्याच्या खिशात आहे. पण पाठवण्याचा प्रश्न सुटलेला नाही. कविता सर्वांना एकदम दिसते आणि म्हणूनच कोणा एकाला पाठवलेली नसते. तिला मिळणाऱ्या अंगठ्याच्या खुणा म्हणजे मौनाचाच एक प्रकार होय. दुसरीकडे छापील अंकाची वाट अधिक बिकट होत आहे. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने नोंदणीकृत पुस्तक-टपालाची स्वल्प दराची सेवा बंद केली. लहान नियतकालिकाच्या दृष्टीने ही बातमी कोणत्याही वाङ्मयीन वादापेक्षा अधिक परिणामकारक आहे.

अशा वेळी अभ्यासकांचे काम स्पष्ट आहे. लघुअनियतकालिकांवरील प्रबंधांतून अंकांची सूची, संपादकांच्या भूमिका आणि गाजलेल्या कवितांची चर्चा होते. त्याबरोबर वर्गणीदारांच्या याद्या, संपादकांना आलेली पत्रे, न छापलेल्या कवितांचे गठ्ठे आणि पाकिटांवरचे टपालशिक्के हीही साधने मानली पाहिजेत. एखाद्या अंकाचा खरा परीघ त्याच्या जाहीरनाम्यावरून कळत नाही. त्याला कोणकोणत्या गावांहून पत्रे आली यावरून कळतो. कोलकात्यात संदीप दत्त यांनी १९७८ मध्ये स्वतःच्या घरात लघुनियतकालिकांचे ग्रंथालय सुरू केले. मोठ्या ग्रंथालयात असे अंक टाकाऊ मानले जातात, हे पाहून त्यांनी ते काम अंगावर घेतले होते. बुद्धदेव बसूंच्या 'कविता'पासून (१९३५) 'कृत्तिबास'पर्यंतची (१९५३) परंपरा बंगालीत अभ्यासविषय होऊ शकली, त्यात अशा जतनाचा वाटा आहे. मराठीत हे अंक अजून पुष्कळ प्रमाणात व्यक्तींच्या कपाटांत आहेत आणि त्या व्यक्ती वृद्ध होत आहेत. कपाटे रिकामी होतील तेव्हा अंकांबरोबर पत्रेही जातील, आणि पत्रे गेली की दूरच्या वाचकाचा एकमेव पुरावा जाईल.

मराठी कवितेचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास कोणी काय लिहिले याचा इतिहास म्हणून बराचसा सिद्ध झाला आहे. कोणाला काय सापडले, कोणी काय पाठवले आणि कोणाला उत्तर आले नाही, याचा इतिहास अद्याप लिहावयाचा आहे. तो लिहिला जाईल तेव्हा त्यातील पुष्कळशी नावे अपरिचित असतील, आणि त्यांच्यापुढे लिहिलेले गाव वाचण्यासाठी नकाशा उघडावा लागेल.